ओढ्याचे आरोग्य

ओढ्याचे आरोग्य म्हणजे एखाद्या ओढ्याचे पात्र, काठ, पाणी आणि त्यांतील जीवसृष्टी यांची परस्परांच्या आधाराने टिकून राहण्याची क्षमता होय. पूर, अवर्षण, गुरांची वर्दळ यांसारखे आघात सोसूनही जो ओढा पुढील पावसाळ्यात मूळ स्थितीवर येतो तो निरोगी, आणि ज्याची ही क्षमता खालावली आहे तो ऱ्हास पावलेला, असा ढोबळ भेद परिसंस्थाशास्त्रात केला जातो. हा भेद केवळ पाण्याच्या प्रमाणावरून ठरत नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात मे महिन्यात कोरडा पडलेला ओढा निरोगी असू शकतो आणि बारमाही वाहणारा ओढा रोगट असू शकतो. प्रस्तुत लेखात लातूर जिल्ह्यातील रेणापूर परिसरात आढळणाऱ्या प्रकारचे ओढे प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

संज्ञा

लहान प्रवाहांसाठी मराठीत ओघळ, ओहोळ, वगळ, ओढा, नाला असे अनेक शब्द आहेत. शेतातील पावसाचे पाणी प्रथम जेथे एकवटते तो ओघळ. अनेक ओघळ मिळून ओहोळ आणि ओहोळ मिळून ओढा होतो. ज्ञानेश्वरीत ‘वोहळ’ हे रूप आढळते. अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ आर्थर स्ट्राहलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रवाहांची जी श्रेणीपद्धती रूढ केली, तिच्यात उपप्रवाह नसलेला प्रवाह पहिल्या श्रेणीचा, आणि पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळून बनलेला दुसऱ्या श्रेणीचा मानतात. लोकभाषेतील उतरंड काटेकोर नसली तरी तिचा रोख हाच आहे.

‘नाला’ या शब्दाला शहरी वापरात सांडपाण्याचा वास चिकटला आहे. शासकीय परिभाषेत मात्र ओढ्याला सरसकट नालाच म्हणतात: नाला खोलीकरण, नाला सरळीकरण, सिमेंट नाला बांध. शब्दाचा परिणाम दृष्टीवर होतो. ज्याला नाला म्हटले, त्याच्याकडे पाणी वाहून नेणारी चारी म्हणून पाहणे सोपे जाते.

रेणापूर परिसर

रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे रेणापूर हे रेणा नदीकाठी वसले आहे. रेणा ही मांजरा नदीची उपनदी. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते. रेणा नदीवर भंडारवाडी येथे मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. लातूर जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात, आणि तोही मोजक्या दिवसांत पडतो. त्यामुळे येथील लहान ओढे स्वभावतःच हंगामी आहेत. त्यांनी बारमाही वाहावे ही अपेक्षा कोकणातील किंवा परदेशातील ओढ्यांवरून घेतलेली आहे.

दख्खनच्या पठाराचा हा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वरच्या अंगाला मुरमाड माळ, पातळ माती आणि खडकाळ पात्र, तर खालच्या अंगाला काळ्या मातीचा जाड थर व उभे, ढासळते काठ असे ओढ्याचे सर्वसाधारण रूप दिसते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांत जिरते. भेगा मिटल्या की पाणी वरून धावू लागते आणि बारीक माती सोबत नेते. म्हणून पावसाळ्यात ओढा गढूळ होणे हे येथे रोगाचे लक्षण नाही. पाऊस थांबून आठवडा लोटला तरी पाणी निवळत नसेल, तर मात्र वरच्या अंगाला काही बिघडले आहे असे समजावे.

निरोगी ओढ्याचे पात्र व काठ

निरोगी ओढा सरळ नसतो. तो वळणे घेतो, कोठे उथळ खडकावरून खळाळतो, तर कोठे डोहात संथ होतो. खळाळीमध्ये पाणी हवेत घुसळले जाऊन त्यात प्राणवायू मिसळतो. डोहात पाणी थांबते, गाळ बसतो आणि पावसाळ्यानंतर ओढा आटत गेला तरी माशांना आसरा राहतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ झिजतो, तर आतल्या अंगाला वाळू व गोटे साचतात. ही झीज आणि भर यांचा मेळ जमलेला असतो, तोवर पात्र फार खोल जात नाही आणि बुजतही नाही.

काठावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा यांसारखी झाडे, त्यांच्या खाली निर्गुडी आणि पाण्यालगत लव्हाळे असा उतरता क्रम आढळतो. लव्हाळ्याची ख्याती मराठी वाचकाला तुकारामांच्या अभंगामुळे ठाऊक आहेच. पुरात ते वाकते, मोडत नाही, आणि त्याच्या मुळांच्या जाळ्यामुळे काठाची माती धरून ठेवली जाते. झाडांची सावली हा तितकाच महत्त्वाचा घटक आहे. समुद्रसपाटीवरील दाबाला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. म्हणजे काठचे झाड तोडले की पाण्यात काहीही न टाकता त्यातील प्राणवायू कमी होतो.

झाडांची पाने हे ओढ्याचे अन्न आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबिन व्हॅनोट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली मांडलेल्या ‘नदी सातत्य’ संकल्पनेनुसार, उगमाजवळच्या सावलीतील प्रवाहांत जीवसृष्टीचा आधार पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींपेक्षा काठावरून पडणारा पालापाचोळा हा असतो. तो बुरशी व जीवाणू कुजवतात, कीटक व खेकडे कुरतडतात आणि त्याचे बारीक कण खालच्या अंगाच्या जीवांना मिळतात. समशीतोष्ण प्रदेशात मांडलेली ही संकल्पना उष्ण प्रदेशातील हंगामी ओढ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. तथापि काठ उघडा पडला की ओढ्याचा शिधा तुटतो, एवढे सूत्र येथेही खरे आहे.

कोरडा ओढा

कोरडा पडणे आणि मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पृष्ठभाग कोरडा असला तरी पात्रातील वाळू व गोट्यांच्या थरात ओल असते. पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात सुमारे पाव ते एकतृतीयांश भाग पाणी असू शकते. याच पाण्यासाठी उन्हाळ्यात पात्रात झिरे खोदण्याची पद्धत मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वाळू हे गाळणीचेही काम करत असल्यामुळे झिऱ्याचे पाणी गावच्या आडापेक्षा नितळ असे.

या ओलीत जीवही तग धरतात. खेकडे काठात बिळे करून खोल ओलीपर्यंत जातात. गोगलगायी शिंपल्याचे झाकण मिटून घेतात. बेडूक चिखलात पडून राहतात. मरळ माशाला हवेतून श्वास घेता येत असल्याने आटत्या डोहातही तो बराच काळ जगतो. पहिला मोठा पाऊस झाला की काही दिवसांत ओढा पुन्हा गजबजतो. ही गजबज किती लवकर आणि किती विविध, यावरून कोरड्या ओढ्याच्या आरोग्याचा अंदाज बांधता येतो.

वाळू उपसली गेली की झिरे संपतात. वाळूउपशाचा विचार बहुधा महसूल आणि कायदा या अंगांनी होतो. परंतु वाळू हे ओढ्याचे उन्हाळ्यातले पोट आहे. तिच्याखालचा खडक उघडा पडला म्हणजे ओल साठवायला जागा उरत नाही आणि ओढा नुसता पावसाचे पाणी वाहून नेणारा उतार बनतो.

याउलट, वस्तीच्या खालच्या अंगाला मे महिन्यातही वाहणारा ओढा या प्रदेशात संशयास्पद मानावा. हा प्रवाह बहुधा न्हाणीघरांचा आणि गटारांचा असतो. अशा ओढ्यात हिरवळ भरपूर दिसते, बगळे दिसतात, आणि वरवर पाहणाऱ्याला तो कोरड्या ओढ्यापेक्षा जिवंत वाटतो.

पाण्याची प्रत

पाण्यात विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी आणि आम्लता हे तीन निकष सर्वाधिक वापरले जातात. मागणीचा निकष म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातील याचे माप. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार उघड्यावर स्नान करण्यास योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि ही मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. वन्यजीव व मत्स्यसंवर्धनासाठीच्या पाण्यात प्राणवायूची किमान मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे.

एकाच वेळी घेतलेला नमुना मात्र फसवू शकतो. शेतातून वाहून आलेल्या खतांमुळे ओढ्यात शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारी घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू मुबलक आढळतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि पहाटे तो किमान पातळीवर येतो. डोहातील मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करतात, किंवा मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात, त्यामागे अनेकदा विषप्रयोग नसून हेच कारण असते. लातूर परिसरात सोयाबीन आणि उसाखालील क्षेत्र मोठे आहे. या पिकांची खते, तणनाशके व कीटकनाशके यांचा अंश पावसाबरोबर ओढ्यात येणे ओघाने आलेच, विशेषतः जेथे नांगरट थेट काठापर्यंत नेली आहे तेथे.

निर्देशक जीव

पाणी वाहून जाते, पण तळाचे जीव जागेवर राहतात. त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत ओढ्यात काय घडले याची साक्ष तेच देऊ शकतात. जर्मन शास्त्रज्ञ कोल्क्विट्झ व मार्सोन यांनी १९०८-०९ मध्ये सेंद्रिय प्रदूषणाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर कोणते जीव आढळतात याची पद्धतशीर मांडणी केली. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळातील अपृष्ठवंशी जीवांवर आधारलेले जैविक निकष तयार केले आहेत. त्यांत प्राणिकुळांना प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार १ ते १० गुण दिले जातात. कुळ जितके नाजूक, तितके गुण अधिक.

खळाळीतील गोटा उचलून उलटा केला असता शेपटाचे तीन धागे असलेली मेफ्लायची चपटी अर्भके, किंवा वाळूच्या कणांची नळी बांधून तिच्यात राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आढळल्या, तर पाणी चांगले आहे असे समजतात. चतुर आणि टाचण्यांची अर्भके मध्यम प्रतीच्या पाण्यातही राहतात. केवळ लाल अळ्या आणि चिखलात डोलणारे ट्युबिफेक्स किडे आढळले, तर प्राणवायू फारच कमी आहे. या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या शरीरात रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते आणि त्यामुळे अत्यल्प प्राणवायूवरही त्यांचे भागते.

पक्ष्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते. खंड्याला शिकारीसाठी पाण्यातले भक्ष्य दिसावे लागते, म्हणून तो नितळ पाण्याचा बरा साक्षीदार आहे. उंच गुलाबी पायांचा शेकाट्या मात्र सांडपाण्याच्या उथळ डबक्यांतही मोठ्या संख्येने जमतो, कारण तेथील चिखलात अळ्या विपुल असतात. पक्षी पुष्कळ म्हणजे पाणी चांगले, हे समीकरण म्हणून टिकत नाही.

वनस्पतींची साक्ष अधिक सोपी आहे. लव्हाळ्याची जागा बेशरमाच्या झुडपांनी घेतली, डोहावर जलपर्णी पसरली, काठावर वेडी बाभूळ आणि गाजरगवत माजले, की ऱ्हास बराच पुढे गेला आहे. या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. बेशरमाला हे नाव लोकांनी उगाच दिलेले नाही; तोडून टाकलेली फांदीही ओल मिळताच रुजते.

खोलीकरण व सरळीकरण

मराठवाड्यातील ओढ्यांच्या आरोग्याची चर्चा या विषयाला टाळून करता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती यांना मोठी चालना मिळाली. ही कामे माणसांच्या हातांनी झाली. पुढे जेसीबी आणि पोकलेन यंत्रे आली आणि ओढ्याचे पात्र काही दिवसांत बदलणे शक्य झाले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. त्यात अनेक प्रकारची कामे अपेक्षित असली, तरी नाला खोलीकरण व रुंदीकरण हे त्याचे सर्वांत दृश्य अंग ठरले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. अशा टंचाईत लोकांनी स्वतः वर्गणी काढून नदी-ओढ्यांतील गाळ काढला, हे समजण्यासारखे होते. त्या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

गाळ काढणे आणि पात्र खोदणे यांत मात्र फरक केला पाहिजे. साचलेला गाळ काढल्याने मूळचा डोह मोकळा होतो. मुरूम फोडून खडकापर्यंत खोदल्याने वेगळेच घडते. या भागात विहीर खोदणारे लोक मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे थर ओळखतात. पावसाचे पाणी मुख्यतः मुरमात, म्हणजे झिजलेल्या खडकाच्या भेगांत साठते. ओढ्याचे पात्र या थराहून खोल गेले की काठालगतच्या जमिनीतील पाणी ओढ्याकडे पाझरते आणि पावसाळा संपताच शेजारच्या विहिरींची पातळी उतरू लागते. उघड्यावर साठलेल्या पाण्याला बाष्पीभवनही गाठते. या प्रदेशात वर्षभरात हवा जितके पाणी शोषू शकते ते पावसाच्या दुपटीच्या घरात आहे. शिवाय पुराबरोबर येणारी बारीक काळी माती खोदलेल्या तळावर बसते आणि जिरण्याची वाट बंद करते.

परिसंस्थेच्या दृष्टीने नुकसान त्याहून सरळ आहे. खळाळी आणि डोह नाहीसे होतात, वळणे जातात, काठची झाडे यंत्राला वाट करून देण्यासाठी काढली जातात आणि खोदलेल्या मातीचा ढीग काठावर रचला जातो. पुढच्या पावसात तो पुन्हा पात्रात येतो. सरळ पात्रात पाण्याचा वेग वाढतो, त्यामुळे खालच्या गावाचे काठ ढासळतात. सप्टेंबर २०२१ च्या पुरात मांजरा खोऱ्यातील नदीकाठच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खरडून गेल्या. अतिवृष्टी आणि धरणांतून सोडलेले पाणी ही त्या पुराची मुख्य कारणे होती. परंतु काठ उघडे असतील तर असा पूर जमीन अधिक नेतो.

या कामांच्या शास्त्रीयतेविषयी अर्थतज्ज्ञ प्रा. हि. म. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० साली विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही अभियानाचा भूजलपातळी वाढविण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असे म्हटले होते. दुसरीकडे, टाकीसारखे पाणी साठल्यामुळे एखाद-दुसरे पिकाचे पाणी मिळाले, असा अनेक शेतकऱ्यांचा अनुभव आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वाद पाणी साठले की नाही याचा कमी आणि कोणाचे पाणी कोठे साठले याचा अधिक आहे. ओढा म्हणून त्या प्रवाहाचे काय झाले, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मांडणीत क्वचितच येतो.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात किसिमी नदी पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात सरळ करण्यात आली. सुमारे १६६ किलोमीटर लांबीच्या नागमोडी नदीचा सुमारे ९० किलोमीटरचा सरळ कालवा झाला. काठचे पाणथळ प्रदेश सुकले आणि हिवाळी बदके जवळजवळ नाहीशी झाली. पुढे तेथील शासनाने हाच कालवा सुमारे ३५ किलोमीटर लांबीपर्यंत बुजवून नदीला जुन्या वळणांवर परत आणले. १९९९ साली सुरू झालेले हे काम २०२१ साली पूर्ण झाले. खोदायला ९ वर्षे आणि बुजवायला २२ वर्षे लागली.

पाहणी

शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ओढ्याची पाहणी फारशा साधनांविना करता येते. एकाच ओढ्याचे दोन टप्पे निवडावेत: एक वस्तीच्या व खोदकामाच्या वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला. दोन वेगळ्या ओढ्यांची तुलना केल्यास खडक, उतार आणि पाऊस यांतील फरक निष्कर्षात मिसळतात. पाहणी ऑक्टोबरमध्ये, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात करावी. ऑक्टोबरात प्रवाह व तळाचे जीव, फेब्रुवारीत डोह, आणि मे महिन्यात वाळूतील ओल व काठच्या झाडांची अवस्था पाहता येते. पुराच्या दिवसांत पात्रात उतरू नये. खोदलेल्या ओढ्याची खोली बाहेरून कळत नाही आणि त्याचे काठ निसरडे असतात.

तळाचे जीव गोळा करण्यासाठी मच्छरदाणीच्या कापडाची लहान जाळी पुरते. खळाळीत ती प्रवाहाच्या खालच्या बाजूस धरून वरचे गोटे पायाने हलवावेत, जाळीत आलेले जीव पांढऱ्या ताटलीत घेऊन मोजावेत आणि पुन्हा पाण्यात सोडावेत. संख्येपेक्षा प्रकार किती आहेत हे अधिक महत्त्वाचे. ऱ्हास पावलेल्या ओढ्यात जीव थोडे नसतात, एकाच प्रकारचे फार असतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि गावनकाशा यांवर ओढ्याची मूळ वळणे दाखवलेली असतात. ती आजच्या पात्राशी ताडून पाहिली म्हणजे कोणता भाग सरळ केला गेला, कोठे पात्र अरुंद झाले आणि कोणता ओघळ नांगराखाली गेला हे समजते. गावातील वडीलधाऱ्यांना पूर्वी झिरे कोठे खोदत, गुरे कोणत्या डोहावर नेत आणि डोहांची नावे काय होती हे विचारावे. पुष्कळ डोहांची नावे शिल्लक आहेत, डोह नाहीत.

पुनरुज्जीवन

ऱ्हास पावलेला ओढा सुधारण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे काठाची पट्टी मोकळी सोडणे. दोन्ही बाजूंना काही मीटर अंतर नांगरले नाही, तर निर्गुडी, करंज आणि लव्हाळे बहुधा आपोआप परततात. बेशरम मात्र मुळासकट काढावे लागते. अल्पभूधारक शेतकऱ्याला ही पट्टी सोडणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे, आणि भरपाईशिवाय तिच्यावर उपाय नाही. वस्तीचे सांडपाणी ओढ्यात जाण्यापूर्वी शोषखड्ड्यांत जिरवणे, गाळ काढताना मुरमाचा थर न फोडणे, आणि माथ्यापासून पायथ्याकडे या क्रमाने मृद्‌संधारण करणे हे इतर उपाय होत. वरच्या अंगाची माती जागेवर थांबली नाही, तर खालचा डोह कितीही वेळा उपसला तरी दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा भरतो.